मागचे दार अडले, म्हणजे नेमके काय बिघडले?

बीड : जुन्या मोटारीचे मागचे दार एके दिवशी उघडेनासे होते आणि बहुतेक घरांत त्याची दखल कित्येक महिने घेतली जात नाही. इंजिन बंद पडले तर गाडी जागेवर थांबते, ब्रेक लागेनासा झाला तर मालक घाबरून गॅरेज गाठतो. दाराचे तसे नाही. एका बाजूचे अडले तर दुसऱ्या बाजूने उतरता येते. ‘त्या बाजूने नका, इकडून या’ असे पाहुण्याला सांगण्याची घराला सवय होते आणि दुरुस्ती दिवाळीवर, मग लग्नसराईवर, मग पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलली जाते. वस्तुतः हा बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. तो मुद्दाम ठेवून देण्याची किंमत मात्र किरकोळ नसते.

बीडसारख्या जिल्ह्यात हा विषय क्षुल्लक म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही. परळी वैजनाथला रेल्वे फार पूर्वीपासून असली तरी जिल्ह्याच्या मुख्यालयी, म्हणजे बीड शहरात, रेल्वेगाडी पोहोचावयास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग डोळ्यांपुढे ठेवून कित्येक वर्षे मागणी होत राहिली. तोवर दवाखाना, बाजार, महाविद्यालय, लग्नकार्य या साऱ्यांसाठी आधार होता तो एसटीचा आणि स्वतःच्या अथवा भाड्याच्या चारचाकीचा. साहजिकच येथे गाडी लवकर मोडीत निघत नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या प्रारंभी थांबले, त्याच वर्षी अ‍ॅम्बॅसॅडरही थांबली. ओम्नी आणि टाटा सुमो २०१९ मध्ये बंद झाल्या. कारखान्यांनी त्यांचा निरोप घेतला असला तरी ‘एमएच २३’ आणि अंबाजोगाईच्या ‘एमएच ४४’ या क्रमांकांच्या अशा गाड्या तालुक्याच्या रस्त्यांवरून अजून हद्दपार झालेल्या नाहीत.

न वापरलेलेच दार अडते

प्रथम एक साधे निरीक्षण. अडलेले दार पुष्कळदा मागचे आणि त्यातही उजवे असते. त्याचे कारण यंत्रात कमी आणि आपल्या सवयीत अधिक आहे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात. गाडी थांबते ती डाव्या कडेला आणि मागे बसलेली माणसे उतरतात तीही डावीकडून, कारण उजवीकडून मागची वाहने धावत असतात. चालकाचे दार दिवसातून दहा वेळा उघडते. उजवीकडचे मागचे दार मात्र आठवडेच्या आठवडे मिटलेले राहते. या दाराला किल्लीचे छिद्रही सहसा नसते. त्यामुळे कुलूप जड लागते म्हणून त्यात तेलाचे दोन थेंब सोडण्याचा प्रसंगही कोणावर येत नाही.

कारखान्यातून निघताना दाराच्या कुलपात घातलेले ग्रीस वर्षांगणिक सुकत जाते. त्यात धूळ मिसळली की त्याचा मेणचट, पुढे दगडासारखा थर बनतो. बालाघाटाच्या कुशीतला हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षातील मोठा काळ कोरडा, रस्त्याकडेला काळी माती, गाळपाच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांमागे उडणारा फुफाटा आणि परळीच्या परिसरात औष्णिक वीज केंद्राच्या राखेची भर. काच खाली केली की यातील थोडेथोडे काचेच्या फटीतून दाराच्या पोटात जाते. पावसाचे पाणीही त्याच फटीतून आत उतरते, कारण दाराची रचनाच तशी असते. ते पाणी बाहेर पडावे म्हणून दाराच्या तळाशी लहान छिद्रे ठेवलेली असतात. ही छिद्रे चिखलाने बुजली की पाणी आत साचते, तळ गंजतो आणि दमटपणा कुलपापर्यंत चढतो. दार हलविले असता आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर ती छिद्रे एखाद्या काडीने मोकळी करणे हा जगातील सर्वांत स्वस्त दुरुस्तीकामांपैकी एक मानावा लागेल!

आतून की बाहेरून?

दुरुस्ती समजून घ्यावयाची तर दार बंद कसे राहते, हे आधी पाहिले पाहिजे. गाडीच्या मागच्या खांबावर एक भक्कम लोखंडी कडी घट्ट बसविलेली असते. दाराच्या कडेला, पत्र्याच्या आत, कुलूप असते. त्यात फिरणारा एक जबडा आणि त्या जबड्याला अडवून धरणारा एक खटका असतो. दार लोटले की कडी जबड्यात शिरते, जबडा फिरतो आणि खटका त्याच्या दात्यात बसतो. असे दाते दोन असतात. दार अर्धवट लागले तरी पहिल्या दात्यावर ते अडकून राहते, पूर्ण लागले की दुसऱ्यावर बसते. दार नीट लावताना कान दिला तर हे दोन ‘टक् टक्’ वेगवेगळे ऐकू येतात. ही दुहेरी व्यवस्था केवळ सोयीची नाही. अपघातात दार उघडून माणसे बाहेर फेकली जाऊ नयेत म्हणून ती आवश्यक ठरविण्यात आली. अमेरिकेत दारांच्या कुलपांचे संघराज्य मानक १९६८ पासून लागू झाले, तर संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत ११ व्या क्रमांकाचा नियम याच विषयाला वाहिलेला आहे.

खटका सोडविण्यासाठी दोन हँडले असतात, एक बाहेर आणि एक आत. दोन्हींपासून बारीक सळया किंवा तारा निघून कुलपाच्या तरफांना जोडलेल्या असतात. याखेरीज काचेलगतच्या खुंटीची एक सळई असते. खुंटी खाली दाबली की ती हँडल आणि खटका यांचा संबंध तोडते. मागच्या दाराला आणखी एक कळ असते, ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी. इंग्रजी नावाने ‘चाइल्ड लॉक’ म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. दाराच्या कडेवर, दार उघडे असतानाच दिसणारी ही छोटी कळ फिरली की आतले हँडल निकामी होते. बाहेरचे मात्र चालते.

एवढी माहिती हाताशी असली की निदान जवळजवळ घरबसल्या होते. बाहेरून दार उघडते पण आतून उघडत नाही, अशी तक्रार असेल तर प्रथम संशय ‘चाइल्ड लॉक’वर घ्यावा. गाडी पुसताना फडक्याने अथवा मुलांच्या खेळात ती कळ सरकलेली असते आणि एका बोटाने पूर्ववत होते. तेवढ्यासाठी दार खोलून बसणारे आणि मजुरी मोजणारेही काही कमी नाहीत. कळ जागेवर असूनही आतून उघडत नसेल, तर आतल्या हँडलची सळई निखळली आहे. उलट आतून उघडते आणि बाहेरून नाही, तर दोष बाहेरच्या हँडलपाशी आहे. सळईचे टोक धरून ठेवणारी प्लास्टिकची चिमुकली पकड उन्हाने ठिसूळ होऊन तुटते आणि हँडल हातात नुसते हलत राहते. हाताला येणारा हा ‘ढिला’ अनुभव महत्त्वाचा आहे. हँडल सैल लागत असेल तर जोड तुटला आहे, घट्ट लागत असेल तर कुलूप जाम आहे.

खरी अडचण दोन्ही बाजूंनी दार उघडत नाही तेव्हा होते. त्यातील एक प्रकार मोठा फसवा आहे. मुलांसाठीची कळ कधीकाळी लावलेली असते, त्यामुळे आतले हँडल आधीच निकामी. मालकाला त्याचा पत्ता नसतो, कारण तो नेहमी बाहेरूनच दार उघडतो. मग एके दिवशी बाहेरच्या हँडलची पकड तुटते आणि दार दोन्हीकडून मुके होते. ज्या कळीने हा घोटाळा केला, ती बंद दाराच्या कडेवर असल्याने तिच्यापर्यंत बोटही पोहोचत नाही. दुसरा प्रकार जुन्या गाडीला मागाहून बसविलेल्या ‘सेंट्रल लॉकिंग’चा. त्याची छोटी मोटर जळाली किंवा तिची सळई वाकली की ती खुंटीलाच खाली धरून ठेवते. आणि तिसरा, अर्थातच, सुकलेल्या ग्रीसचा.

दाराभोवतीची फटही एकदा न्याहाळावी. ती वर रुंद आणि खाली निमुळती दिसत असेल, तर दार बिजागऱ्यांवर लोंबले आहे, किंवा मागून बसलेल्या धडकेने खांब सरकला आहे. मग कुलपाचा दोष नाही. हे काम डेंटरचे, आणि तेथे घरगुती प्रयोग करू नयेत.

बळापेक्षा युक्ती

अडलेल्या दाराचे हँडल जोर लावून ओढणे ही पहिली आणि सर्वांत महागडी चूक होय. जुन्या गाड्यांची हँडले ठिसूळ झालेली असतात, ती तुटली की उरलासुरला मार्गही बंद होतो. त्याऐवजी दोघांनी मिळून काम करावे. एकाने बाहेरून हँडल हलकेच ओढून धरावे आणि त्याच वेळी कंबरेने दार आतल्या दिशेने दाबावे. दाराभोवतीचे रबर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील बीडिंग, दाराला सतत बाहेर ढकलत असते, त्यामुळे खटक्यावर ताण येतो. दार आत दाबले की तो ताण क्षणभर सैल होतो आणि चिकटलेला खटका सुटण्याची संधी मिळते. दुसऱ्याने आत बसून त्याच वेळी खुंटी वर-खाली करावी. कुलपाच्या जागी, म्हणजे दाराच्या मागच्या कडेजवळ, मुठीने चार ठोसे मारले तर सुकलेले ग्रीस भेगाळते. हा उपाय गावठी वाटला तरी त्यामागे यंत्रशास्त्र आहे. काच खाली घेऊन आतून हात बाहेर काढावा आणि बाहेरचे हँडल ओढून पाहावे, हेही विसरू नये.

उन्हाळ्याच्या भर दुपारी दार चिकटत असेल आणि सकाळी सुटत असेल, तर गुन्हेगार बहुधा ते रबरच असते. नवा रंग दिलेल्या दारांत हे विशेष आढळते. रबर स्वच्छ पुसून त्यावर सिलिकॉनचा फवारा किंवा साधी टाल्कम पावडर लावली की काम भागते. तेथे इंजिन ऑइल लावू नये. ते रबर फुगवते आणि कपड्यांनाही लागते.

काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी घालून कुलूप सोडविण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. चावी आत राहिली असता ही युक्ती कधीकधी उपयोगी पडते. अडलेल्या दारात मात्र तिच्यामुळे चांगल्या सळयाही निखळतात आणि तारा तुटतात. त्यापेक्षा आतले आवरण काढणे श्रेयस्कर.

हे आवरण दार बंद असताना काढणे, हाच साऱ्या दुरुस्तीतील कसोटीचा भाग आहे. कुलपाचे स्क्रू दाराच्या कडेवर असतात, खांबावरची कडीही आत झाकलेली असते. म्हणजे नेहमीच्या दुरुस्तीचे दोन्ही मार्ग बंद. म्हणून सुरुवात मागच्या सीटची गादी काढून करावी. जुन्या गाड्यांत ती बहुधा वर उचलून किंवा दोन बोल्ट काढून सुटते आणि हाताला जागा मिळते. मग काच पूर्ण वर करावी. काच फिरविण्याचे हँडल एका चिमट्यासारख्या तारेने अडकवलेले असते. हँडल आणि आवरण यांच्यामध्ये फडक्याची कड घालून बूट पुसावा तशी इकडेतिकडे ओढली की ती तार टक्कन उडते. ती कोठे उडाली, हे पाहण्यास एखादे पोर जवळ उभे करावे हे उत्तम! त्यानंतर हात टेकण्याच्या दांडीचे आणि आतल्या हँडलभोवतीचे स्क्रू काढावेत, काचेलगतची खुंटी पिळून सोडवावी आणि आवरणाच्या कडेने रुंद, पातळ पट्टी सरकवीत एकेक क्लिप सोडवीत जावे. जुन्या गाड्यांत हे आवरण दाबलेल्या पुठ्ठ्याचे असते. ओल लागून तो पुठ्ठा मऊ झालेला असला तर क्लिपच्या अगदी जवळ पट्टी धरली नाही तर तो फाटतोच. गाडीला विजेवर चालणाऱ्या काचा असतील, तर आधी बॅटरीची तार सोडावी.

आवरणामागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसतो. तो निरुपयोगी समजून फाडून टाकण्याची पद्धत फार पसरली आहे. वस्तुतः काचेच्या फटीतून उतरलेले पाणी गाडीत येऊ नये म्हणून तो असतो. पुढे पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला का होतो, याचा शोध घेता घेता मालक हैराण होतो, त्याचे मूळ या फाडलेल्या कागदात असते. तो अलगद सोडवून ठेवावा. आता पत्र्यातील मोठ्या छिद्रांतून हात आत जातो. पत्र्याच्या या कडा धारदार असतात, म्हणून जाड हातमोजे आवश्यक. टॉर्चच्या उजेडात सळयांचा माग काढीत कुलपापर्यंत पोहोचले की निखळलेली सळई दिसते, किंवा जाम झालेली तरफ हाती लागते. तिच्यावर गंज सोडविणारा फवारा मारून काही वेळ थांबावे. मग लांब स्क्रू ड्रायव्हरने तरफ सरकवावी आणि बाहेर उभ्या असलेल्याने दार आत दाबून धरावे. बहुतेक दारे येथे उघडतात. जी उघडत नाहीत, त्यांच्यासाठी डेंटरला आतला पत्रा थोडा कापावा लागतो. तो आवरणाखाली झाकला जातो. बाहेरच्या पत्र्याला हात लावण्याची वेळ क्वचितच येते, आणि तसे कोणी सुचविले तर दुसऱ्या कारागिराचे मत घ्यावे.

दार उघडले, काम संपले नाही

दार उघडताच आनंदाने ते धाडकन लावून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा, नाही तर सारा खटाटोप पुन्हा करावा लागेल. दार उघडे ठेवूनच, स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने कुलपाचा जबडा हाताने फिरवावा. दोन्ही दाते बसल्याचा आवाज यावयास हवा. मग बाहेरचे हँडल ओढावे, जबडा सुटला पाहिजे. पुन्हा बसवून आतले हँडल ओढावे. खुंटी खाली, खुंटी वर, मुलांसाठीची कळ लावून आणि काढून, अशी प्रत्येक परीक्षा झाल्यानंतरच दार लावावे.

कुलूप धुण्यासाठी डिझेल वापरले जाते. धुण्यापुरते ते ठीक, पण पुसून, वाळवून वर ग्रीस लावले नाही तर आठ-पंधरा दिवसांत धूळ दुप्पट चिकटते. इंजिनातून काढलेले जळके ऑइल तर अजिबात नको. गंज सोडविणाऱ्या फवाऱ्यांबाबतही गैरसमज आहे. ते अडलेले सोडवितात, दीर्घकाळ वंगण पुरवीत नाहीत. त्यानंतर पांढरे ग्रीस बोटभर लावणे आवश्यकच असते. कुलूप झिजले असेल तर बदलावे. या गाड्यांचे सुटे भाग जुन्या बाजारात, मुंबईतल्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी, मिळतात. मात्र डाव्या आणि उजव्या दाराची कुलपे एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात, ती अदलाबदल होत नाहीत. जुना भाग सोबत नेणे शहाणपणाचे.

ओम्नीची गोष्ट थोडी निराळी. तिचे मागचे दार सरकते, आणि ते अडते बहुधा कुलपामुळे नव्हे तर रुळामुळे. पायरीजवळच्या रुळात खडे आणि माती साचते, चाक झिजते, दार तिरके होते. येथे ओतलेले तेल म्हणजे मातीला आमंत्रण. आधी ब्रशने रूळ कोरडा स्वच्छ करावा, चाके तपासावीत आणि मगच किंचित ग्रीस लावावे. ज्या ओम्नी अजूनही शाळेच्या मुलांची ने-आण करतात, त्यांच्या मालकांनी हे काम दर महिन्याला करावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दोरीने बांधलेले दार

दार उघडत नाही, यापेक्षा ते लागत नाही हा दोष अधिक धोक्याचा. त्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे आतून दोरी किंवा तार बांधणे, क्वचित वेल्डिंगचा ठिपका मारणे. दोरीने बांधलेल्या दाराला ना पहिला दाता असतो ना दुसरा. बाजूने धडक बसली असता प्रवासी आणि येणारे वाहन यांच्यामध्ये केवळ दार असते. बीडला हे वेगळे सांगावयास नको. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत या जिल्ह्याचे नेते व तत्कालीन केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे निधन झाले, तेव्हा ते गाडीच्या मागच्या आसनावर होते आणि दुसऱ्या मोटारीची धडक बाजूने बसली होती. त्या गाडीच्या दारात काही दोष होता असे नव्हे. मागे बसणारा सुरक्षितच असतो, हा समज मात्र त्या दिवशी पुरता खोटा ठरला.

अडलेल्या दाराचा धोका याच्या उलट बाजूचा आहे. गाडी डाव्या अंगाने झाडाला, कठड्याला किंवा उसाच्या ट्रॉलीला टेकून थांबली, तर मागच्या माणसांना उरतो तो उजवा दरवाजा, म्हणजे तोच, जो महिनोन्‌महिने उघडलेला नाही. गाडीला गॅसचे किट असेल तर बाहेर पडण्यासाठी मिळणारा वेळ आणखी कमी. जुलै २०२४ मध्ये शेजारच्या जालना जिल्ह्यात पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. कठडा नसलेल्या विहिरी मराठवाड्याच्या रस्त्यांना नव्या नाहीत. पाण्यात पडलेल्या गाडीचे चांगले दारही पाण्याच्या दाबामुळे उघडणे अवघड असते, म्हणून पहिल्या काही क्षणांत काच खाली करणे हाच मार्ग. त्यामुळे दारासोबत काचेचे हँडलही तपासून घ्यावे. मागच्या काचेचे हँडल तुटले म्हणून काढून टाकलेल्या गाड्या काही थोड्या नाहीत.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी करून ती दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेने २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १० हजार रुपये करण्यात आले. एवढा खर्च करून गाडी राखणाऱ्या मालकाला प्लास्टिकची एक पकड, चमचाभर ग्रीस आणि एक दुपार परवडणार नाही, असे म्हणता येत नाही. ज्यांना तेवढेही करावयाचे नाही, त्यांनी निदान गाडी धुण्याच्या दिवशी चारही दारे आतून आणि बाहेरून, प्रत्येकी एकदा, उघडून पाहावीत. उजवीकडचे मागचे आधी.